नदीपात्राला मातीचं अस्तर: काळी माती, बेंटोनाइटचं पोतं की चटई?

'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे वाक्य खान्देशातल्या भिंतींवर रंगवून रंगवून जुनं झालं. त्यामुळे नाल्याच्या तळाला चिकणमाती ठोकून पाणी जिरू द्यायचं नाही, असा प्रस्ताव आला की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: हे उलटं काम कशाला? पाणी पावसाचं असेल तर प्रश्न रास्तच आहे. पण सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सुटलेलं पाणी कोरड्या पात्रात सोडायचं ठरलं की हिशेब बदलतो. त्या पाण्यात नायट्रेट असतं, क्षार असतात, थोडाफार अमोनिया शिल्लक असतो. पात्र वाळूचं आणि विहिरी काठावर. गिरणेच्या किंवा पांझरेच्या वाळूत सोडलेलं असं पाणी पुढच्या बंधाऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि जे वाटेत नाहीसं होतं ते कुणाच्या तरी विहिरीत निघतं.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. बीजिंगमधल्या योंगडिंग नदीचं शहरालगतचं पात्र कित्येक वर्षं कोरडं होतं. २०१० च्या सुमारास तिथे प्रक्रिया केलेलं पाणी सोडून तळी भरायला घेतली, तेव्हा वाळू-गोट्यांच्या तळातून होणारी झिरप हाच मोठा प्रश्न होता. अशा जागी झिरप शून्य करणं हा हेतू नसतो. ती इतकी कमी करायची की पाणी पात्रात टिकेल, आणि जे खाली जाईल ते सावकाश, मातीतून गाळून जाईल. प्लॅस्टिकची पन्नी आणि माती यांत फरक आहे तो इथेच. शेततळ्याला पन्नी ठीक, नदीला नाही.

बाजारात आणि शिवारात मिळून तीन पर्याय आहेत: दाबून बसवलेली स्थानिक काळी माती, पोत्यातली बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) पावडर, आणि बेंटोनाइटची चटई, म्हणजे विक्रेते जिला जीसीएल म्हणतात ती. तिन्हींची तुलना १,००० चौरस मीटर तळ धरून केली आहे. दर जागेनुसार आणि महिन्यानुसार बदलतात म्हणून रुपये लिहिलेले नाहीत. परिमाणं बदलत नाहीत, दर आपापले लावून पाहावेत.

काळी माती

पहिली पसंती हीच, पण अटींसकट. धरणाच्या हार्टिंगला, म्हणजे आतल्या पाणी अडवणाऱ्या गाभ्याला, जी माती चालते तीच इथे चालते: बारीक, चिकट, खडे नसलेली. प्रयोगशाळेत द्रवमर्यादा (ज्या ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते) आणि प्लॅस्टिक मर्यादा (ज्याखाली ती वळता येत नाही) काढून घ्या. दोन्हींतला फरक २० ते ३५ असेल तर माती उत्तम. ४० च्या वर गेला तर माती झिरप छान अडवते, पण वाळली की तडकते आणि ओली झाली की रोलरला चिकटते. अशा मातीत २० ते ३० टक्के बारीक मुरूम मिसळला तर झिरप किंचित वाढते, पण भेगा बऱ्याच कमी होतात. हा सौदा फायद्याचा आहे.

तलावातला गाळ फुकट मिळतो म्हणून तोच आणून टाकायचा मोह होतो. गाळ शेताला चांगला म्हणून तळालाही चांगला, असं नसतं. त्यात पोयट्याचं प्रमाण जास्त असेल तर थर वाहत्या पाण्याने धुपतो, आणि कुजका पालापाचोळा असेल तर तो सडून पोकळ्या राहतात. दोन-तीन ठिकाणचे नमुने तपासल्याशिवाय गाळाला हात लावू नये.

जाडी ४५ सेंटिमीटर धरा, १५-१५ चे तीन थर. १,००० चौरस मीटरला दाबलेली माती ४५० घनमीटर लागते. खणून डंपरमध्ये भरली की माती फुगते, ३० टक्के वाढ धरली तर ५८५ घनमीटर, म्हणजे साधारण २०७ ब्रास. प्रत्येक थर सैल असताना २० ते २२ सेंटिमीटर पसरायचा आणि शीपफूट रोलरच्या सहा ते आठ फेऱ्या मारायच्या. रोलरचे खूर खालच्या थरात घुसले पाहिजेत, नाहीतर दोन थरांमध्ये गुळगुळीत सांधा राहतो आणि पाणी त्या सांध्यातून आडवं पळतं. गुळगुळीत रोलर फक्त शेवटच्या फेरीला. तो आधीच फिरवला असेल तर पुढचा थर टाकण्याआधी वरचे दोन-तीन सेंटिमीटर खरवडून ओले करा.

काम बिघडतं ते ओलाव्यात. उन्हाळ्यात खणलेल्या मातीत पाणी साधारण १२ टक्के असतं, काळ्या मातीला दाबायला २६-२७ टक्के हवं. ४५० घनमीटर माती म्हणजे कोरडं वजन ६७५ टनांच्या आसपास. त्यात १५ टक्के पाणी वाढवायचं म्हणजे एक लाख लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर, आणि मे महिन्यातलं बाष्पीभवन धरलं तर बारा. अंदाजपत्रकात हे टँकर बहुतेकदा नसतात. मग ठेकेदार कोरडीच माती दाबतो. ती रोलरखाली टणक लागते, घनतेच्या चाचणीत ९५ टक्क्यांवर पासही होते आणि तरीही गळते. कारण आतली ढेकळं ढेकळंच राहिलेली असतात. घनता बरोबर असली तरी ढेकळांच्या मधल्या फटी मिटलेल्या नसतात. म्हणून ओलावा सर्वाधिक घनता देणाऱ्या आकड्यापेक्षा दोन ते चार टक्के वरच ठेवायचा. त्यात घनता थोडी घसरली तरी झिरप दहापटीने सुधारू शकते. पाणी शिंपडून लगेच रोलर फिरवू नका. रात्रभर माती मुरू द्या, सकाळी रोटाव्हेटर मारा, ढेकूळ सुपारीएवढं झालं की मग रोलर.

साइटवर ओलावा पाहायची साधी खूण: माती तळहातावर वळून ३ मिलिमीटरची सुतळी करायची. त्या जाडीला तुटू लागली की माती प्लॅस्टिक मर्यादेवर आहे. त्याहून किंचित ओली हवी. सुतळी वळायच्या आधीच भुगा होत असेल तर टँकर मागवा.

बेंटोनाइटचं पोतं

स्थानिक माती वालुकामय असेल आणि काळी माती लांबून आणावी लागत असेल, तिथे पोतं कामाचं. ५० किलोच्या पोत्यांतला माल मुख्यतः कच्छचा येतो. दुकानात मागताना नुसतं 'बेंटोनाइट' एवढंच सांगितलं की हमखास चुकीचा माल हाती पडतो. अर्थिंगच्या खड्ड्यात टाकायची पावडर वेगळी, तिच्यात इतर भेसळ असते. फाउंड्री ग्रेड वेगळी. तळासाठी सोडियम बेंटोनाइट हवी आणि पायलिंगला चालणारी ग्रेड त्यातल्या त्यात जवळची.

पोत्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, चाचणी सोपी आहे. १०० मिलिलिटरच्या मोजनळीत डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं. वाळवून चाळलेली २ ग्रॅम पावडर चिमटीचिमटीने, एका वेळी ०.१ ग्रॅम, मधे दहा मिनिटं थांबत टाकायची. दुसऱ्या दिवशी बुडाला बसलेल्या लगद्याची उंची वाचायची. २४ मिलिलिटर किंवा जास्त असेल तर माल चांगला. कॅल्शियम बेंटोनाइट असेल तर लगदा दहाच्या आसपास किंवा खालीच अडखळतो. दुसरी मोजनळी लावायला विसरू नका: तीत तुमच्या केंद्रातून सुटणारं पाणी घ्या. अस्तराच्या वाट्याला डिस्टिल्ड वॉटर येणार नाही, हेच पाणी येणार आहे. दोन्ही आकड्यांत निम्म्याहून जास्त फरक पडला तर तो माल नको.

मिसळण्याचं प्रमाण मातीनुसार ५ ते ८ टक्के. १५ सेंटिमीटरचा एक थर, ६ टक्के धरला तर चौरस मीटरला १५ किलोहून थोडं जास्त, म्हणजे १,००० चौरस मीटरला सुमारे ३०६ पोती. फक्कीने १.८ मीटरचे चौकोन आखा, प्रत्येक चौकोनात एक पोतं फोडा, दाताळ्याने पसरा, मग रोटाव्हेटर दोन वेळा, उभा-आडवा. मिसळताना माती कोरडी हवी. ओल्या मातीत पावडर गोळ्या धरते. वारं पडलेल्या पहाटे काम करा, कारण दुपारच्या वाऱ्यात पावडरीचा बराच भाग शेजारच्या शेतात जातो आणि उरलेला मजुरांच्या छातीत. मास्क द्यायलाच हवेत. मिसळून झाल्यावर पाणी आणि रोलर, वर सांगितल्याप्रमाणे.

सोडियमचं हे काम खान्देशाला नवीन नाही. धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी खारी माती टाकायची रीत याच तत्त्वावर उभी आहे. खाऱ्या मातीतल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, म्हणून छत गळत नाही. पावसाने सोडियम धुऊन जातं, म्हणून खारी पुन्हा टाकावी लागते. हीच युक्ती स्वस्तात करायची तर धुण्याचा सोडा वापरता येतो: चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, १५ सेंटिमीटर थरात मिसळून. पण हे फक्त बारीक, चिकणमातीयुक्त मातीत चालतं. वाळूत कितीही सोडा टाकला तरी बुजवायला कणच नसतात.

बेंटोनाइटची चटई

दोन जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या कापडांच्या, मधे चौरस मीटरला साडेतीन किलोहून थोडी जास्त बेंटोनाइट, सुयांनी टोचून शिवलेली. माल देखणा, काम झटपट, आणि माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ही पाऊण सेंटिमीटरची चटई मीटरभर मातीची बरोबरी करते. हे वाक्य पाण्याच्या उंचीशिवाय वाचू नये.

गणित करून पाहू. तळावर दीड मीटर पाणी आहे. चटईची जाडी ७ मिलिमीटर धरली आणि पारगम्यता (पाणी आरपार जाऊ देण्याचा वेग) मानकात मान्य असलेली, सेकंदाला ०.००००००००५ सेंटिमीटर, तर दिवसाला झिरप ०.९ मिलिमीटरच्या आसपास येते. त्याच पाण्याखाली ४५ सेंटिमीटर काळी माती, नीट दाबलेली, सेकंदाला ०.०००००१ सेंटिमीटरच्या दहाव्या भागाची, दिवसाला सुमारे ०.४ मिलिमीटर देते. चटईतून पाणी वीसपट हळू जातं हे खरं, पण तिची जाडी साठपट कमी आहे. अर्थात काळी माती त्या दर्जाची दाबली गेली नाही आणि दहापट गळकी निघाली, तर ३.७ मिलिमीटर जातील आणि चटई सहज जिंकेल. थोडक्यात, चांगल्या देखरेखीखाली माती सरस, देखरेख नसेल तर चटई.

आणि चटईमुळे मातीची बचत होते हा दावाही अर्धाच. १,००० चौरस मीटरला सांधे आणि कडेचा चर धरून १,१५० चौरस मीटर चटई लागते. ५ गुणिले ४० मीटरचे सहा रोल, एकेक टनभर वजनाचे. तिच्यावर किमान ३० सेंटिमीटर मातीचं आच्छादन हवंच, ते सैल मापाने १३८ ब्रास. नुसत्या मातीच्या अस्तराला २०७ ब्रास लागत होते. वाचलेले ६९ ब्रास चटईच्या किमतीसमोर मांडून बघा.

अंथरताना रोल पोकलेनच्या बकेटला दांडा लावून उलगडायचा, ओढत न्यायचा नाही. खालचा तळ रोलर मारून सपाट, टोकदार खडा दिसता कामा नये. सांध्यावर ३० सेंटिमीटरची चढण, प्रवाहाच्या वरच्या अंगाची चटई खालच्या अंगाच्या चटईवर. चढणीत मीटरला ४०० ग्रॅम दाणेदार बेंटोनाइट. त्या पट्टीत वाळू शिरली तर सांधा कधीच जुळत नाही, आणि वाऱ्यात वाळू शिरतेच, म्हणून सांधा झाडून लगेच झाका. काठावर उतार ३ ला १ पेक्षा तीव्र नको, वरच्या टोकाला ६० गुणिले ६० सेंटिमीटरचा चर. जेवढी दिवसभरात मातीने झाकता येईल तेवढीच सकाळी उलगडा. उघडी चटई वळवाच्या सरीत भिजली की बिनदाबाची फुगते. तिच्यावर पाय रुतत असेल तर तेवढा तुकडा काढून टाकणं एवढाच उपाय.

चटईचा मोठा शत्रू खान्देशात वरच्याच मातीत दडलेला आहे: चुनखडीचे खडे. आच्छादनाच्या काळ्या मातीत चुनखडी असेल तर तिच्यातलं कॅल्शियम हळूहळू चटईत उतरतं, सोडियमची जागा घेतं आणि बेंटोनाइटची फुगण्याची ताकद जाते. त्यानंतर एकदा जरी चटई वाळली तरी पुन्हा भिजल्यावर भेगा मिटत नाहीत. म्हणून आच्छादनाची माती निवडताना तिच्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाका. फसफसली तर दुसरी माती शोधा.

पाणी काय करतं

पुनर्वापराच्या पाण्याची भीती घातली जाते, पण बेंटोनाइटच्या दृष्टीने सांडपाण्यापेक्षा बोअरचं जड पाणी वाईट. शहराच्या सांडपाण्यात सोडियम भरपूर असतं, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम. केंद्र बंद असताना पातळी राखायला बोअर सोडण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. अस्तराला ती महागात पडते.

उलट धोकाही आहे. सोडियमने भरलेल्या मातीवर पहिल्या पावसाचं गोडं पाणी आलं की कण सुटतात आणि वरचा थर गढूळ होऊन वाहून जातो. त्यासाठी मातीच्या अस्तरावर १५-२० सेंटिमीटर रेताड मुरूम किंवा गोट्यांचा थर हवा. तोच थर उन्हात मातीला वाळू देत नाही.

नायट्रेटबद्दल गैरसमज दूर करायला हवा. चिकणमाती अमोनियम धरून ठेवते, नायट्रेट धरत नाही. दोघांचा विद्युतभार उलट आहे. ओल्या, हवाबंद थरात जिवाणू काही नायट्रेटचा वायू करतात, पण त्याला वेळ लागतो. झिरप मंदावल्याने तोच वेळ मिळतो, फायदा असेल तर एवढाच. केंद्राचं काम वाईट असेल तर माती ते झाकणार नाही.

आणखी एक गंमत. पाणी सोडल्यावर पहिल्या काही महिन्यांत तळावर शेवाळ आणि गाळाची साय धरते आणि झिरप आपोआप घटते. ठेकेदार ही घट आपल्या मालाच्या खात्यावर मांडतो. साय फुकटची आहे आणि पात्र एकदा वाळलं की ती पापडासारखी सुटते. म्हणून मालाचा निवाडा पहिल्या पंधरवड्यातल्या मोजणीवर करा.

कुठे घालू नये

मुख्य नदीच्या वाहत्या पात्रात उघडं मातीचं अस्तर घालणं म्हणजे पैसे पुरात सोडणं. असा थर सेकंदाला एक-दीड मीटरचा वेग कसाबसा सोसतो, पुराचा वेग त्याच्या कितीतरी वर. जागा हवी ती के.टी. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यामागच्या शांत भागात, बाजूच्या नाल्यात किंवा वळवलेल्या पाटात. तिथेही पावसाळ्यात बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) काढल्यावर प्रवाह वाढतोच, त्यासाठी पिचिंग, म्हणजे दगडांची बांधणी, हवं.

सातपुड्याच्या पायथ्याची गोट्यांची पट्टी पाणी जिरवण्यासाठीच राखावी. तिथे पुनर्वापराचं पाणी न आणणं हाच उपाय.

बेसॉल्टचा उघडा खडक असेल तर भेगा आधी सिमेंट मॉर्टरने बुजवा. भेगेवर थेट माती टाकली तर ती भेगेतून खाली वाहून जाते आणि अस्तरात नळी पडते. पावसाळ्याच्या शेवटी भूजल पात्राच्या पातळीपेक्षा वर येत असेल तर चटई खालून उचलली जाते. अशा जागी मातीच बरी, तीही दाबमुक्तीसाठी जागा सोडून.

काठ विसरले जातात. तळ पक्का आणि काठ मोकळा असेल तर पाणी आडवं जाऊन तेवढंच गळतं. अस्तर पूर्ण भरलेल्या पातळीच्या ३० सेंटिमीटर वर न्या. वेडी बाभूळ आणि बेशरम वर्षातून दोनदा मुळासकट काढा, खेकड्यांची बिळं चिकणमातीने ठोकून बंद करा, आणि म्हशींना उतरायला दगडी उतार वेगळा द्या. ३० सेंटिमीटर आच्छादनाखालच्या चटईला म्हशीचा खूर पुरेसा होतो.

मोजणी

काठावर पातळीची पट्टी रोवा आणि त्याच पाण्यात तळ नसलेली टाकी नव्हे, तळ असलेली टाकी अर्धी बुडवून ठेवा. टाकीत घटतं ते बाष्पीभवन, पात्रात घटतं ते बाष्पीभवन अधिक झिरप. सात दिवसांचा फरक काढा, आवक-जावक बंद ठेवून. उन्हाळ्यात बाष्पीभवन एकटंच दिवसाला दहा मिलिमीटरवर जातं, त्यामुळे टाकीशिवाय काढलेला आकडा कुणीही खोडून काढेल. फरक दिवसाला २ मिलिमीटरच्या आत असेल तर काम चांगलं, ५ च्या वर असेल तर आधी सांधे आणि काठ तपासा.

निरीक्षण विहिरी तीन: एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, दोन खाली. नायट्रेट, क्लोराइड, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) पाणी सोडण्याआधी एकदा आणि नंतर दर पावसाळ्याआधी-पावसाळ्यानंतर. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. क्लोराइड मातीत अडकत नाही, त्यामुळे झिरप विहिरीपर्यंत पोचल्याची वर्दी सगळ्यांत आधी तेच देतं.

चटई किंवा पोती घेतली असतील तर लॉट नंबर लिहून ठेवा आणि हातभर तुकडा, किलोभर पावडर कोरड्या डब्यात बंद करून ठेवा. दोन उन्हाळ्यांनंतर तळातून काढलेल्या नमुन्याची सूज कशाशी ताडायची, हा प्रश्न तेव्हा पडत नाही.